आमच्या घरात हिरवं चालत नाही

माझ्या लग्नात मला हिरवा चुडा भरू दिला नाही, ही गोष्ट मी अजून विसरलेले नाही. कासारीण ओसरीवर टोपली उघडून बसली होती, माझा हात तिच्या हातात होता, आणि आजोबांनी बाहेरून येऊन तिला सगळं आवरायला लावलं. हिरव्या ठेव, लाल काढ, म्हणाले. नवरीच्या हातात लाल बांगड्या कुणी भरतं का? मी तोंड वर करून भांडले. मी पहिल्यापासून तापट. आई म्हणायची, हिच्या जिभेला हाड नाही. पण आजोबांपुढं कुणाचं चालायचं नाही. लाल बांगड्या भरूनच मी परळीला नांदायला आले आणि सासरच्या बायकांनी महिनाभर माझ्या हातांकडं बघून घेतलं.

कारण मला ठाऊक होतं. आमच्या सगळ्या गावालाच ठाऊक होतं. आजोबांची आई, म्हणजे माझी पणजी, निजामाच्या राज्यात वारली. तेव्हा तिला विधवा होऊन वीसेक वर्षं झाली होती. तिसऱ्या दिवशी माणसं राख सावडायला नदीवर गेली, तर राखेवर डझनभर हिरव्या बांगड्या, एक खण, एक नारळ आणि वर कुंकू वाहिलेलं. विधवेच्या राखेवर सवाष्णीची ओटी! सगळ्यांची पाचावर धारण बसली. कुणीतरी घरावर करणी केली, असं ठरलं. आजोबांनी ते हातानं शिवलं नाही, बाभळीच्या काठीनं नदीत ढकललं. मग देवऋषी आला, उंबऱ्याखाली लिंबू आणि खिळे पुरले, आणि त्या दिवसापासून आमच्या घरात हिरवी बांगडी बंद झाली. नवी सून आली की उंबऱ्याबाहेर हिरवा चुडा उतरवायची आणि लाल भरून आत यायची.

ही झाली घराची भीती. घराचा मान होता पणजोबा. तो शिलेदार होता. स्वतःची घोडी घेऊन निजामाच्या रिसाल्यात भरती झाला, पहिल्या महायुद्धात दर्यापार मिसर देशात गेला, आणि तिथं लढताना पडला. त्याच्या घोडीचा जुना लगाम आणि तांबड्या शिक्क्याचा एक उर्दू कागद आमच्या देवघरात होता. तो कागद म्हणजे त्याच्या मरणाची सरकारी वर्दी, असं आम्हाला सांगितलेलं. दर दसऱ्याला त्याला हळदकुंकू लागायचं. वाचला कुणीच नव्हता. पितृपंधरवड्यात पणजोबाचं पान घातचौदसेला निघायचं, कारण ती तिथी फक्त हत्यारानं मेलेल्यांची. गावात त्या दिवशी आमचं एकच घर पान काढायचं. माझे वडील, अण्णा, त्या दिवशी धुवट धोतर नेसून छाती काढून असे उभे राहायचे, जणू लढाईवरून तेच आलेत. मला हसू यायचं, पण अभिमानही वाटायचा, खोटं कशाला बोलू.

मी शाळेतून रिटायर व्हायला वर्ष उरलं होतं, तेव्हा गावानं वेशीवर कमान बांधायचं काढलं. कमानीवर पणजोबाचं नाव आणि खाली 'वीरगती'. घातचौदसेलाच नारळ फोडायचा होता. पंचायतीनं पुरावा मागितला. अण्णांनी तो कागद एका स्वच्छ फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, वाचून घे, मराठीत उतरवून आण, उशीर करू नको.

सिरसाळ्याला उर्दू शाळेतले एक रिटायर गुरुजी होते. त्यांनी चष्मा पुसला, कागद उजेडात धरला. हळदीच्या डागांमधून एकेक शब्द वेचत होते. पणजोबाचं नाव, बापाचं नाव, गाव, घोडीचा रंग, सगळं बरोबर. मग थांबले. पुन्हा वरपासून वाचलं. मी म्हटलं, काय झालं गुरुजी?

"बाई, ह्यो मरणाचा कागद न्हाई. बरखास्तगी हाय. लढाई संपल्यावर माणूस सहीसलामत घरी सोडलाय."

मी कागद हातात घेऊन मागूनपुढून बघितला, जणू मला उर्दू येतं. गुरुजींच्या बायकोनं पाणी आणून दिलं. माणूस जिवंत घरी सोडला, तर तो गेला कुठं? आणि हा कागद आमच्या देवघरात आला कसा? अण्णांना विचारायची सोय नव्हती. ते चिडले असते, आणि चिडण्यात मी त्यांचीच लेक, घर डोक्यावर घेतलं असतं आम्ही दोघांनी. एकच माणूस उरलं होतं, शिरूर कासारची आत्या. अण्णांची थोरली बहीण, ऐंशी गाठलेली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी शिरूरला गेले. ऊसतोडीला जायला अजून महिना-दीड महिना होता, म्हणून गाव भरलेलं होतं. आत्या दारात शेंगा फोडत बसली होती. मी कागद तिच्या मांडीवर ठेवला. तिला वाचता येत नव्हतं, पण शिक्का ओळखला. म्हणाली, लई उशीर केलास गं.

मग तिनं सांगितलं. शेंगा फोडायचं थांबवलं नाही, मान वर केली नाही, सगळं एका सुरात सांगितलं.

पणजोबा लढाईवर गेला तेव्हा पणजीला दिवस गेलेले होते. आजोबा त्याच्या माघारी जन्मले. तीन-चार वर्षं ना पत्र ना निरोप. मग मानमोडीची, म्हणजे तापाची, साथ आली. घरटी माणसं जात होती. आमच्या घरातून पणजोबाची आई गेली, पाठोपाठ बहीण गेली. घाबरलेल्या माणसांनी देवऋषी आणला. तो म्हणाला, तुमचा घोडेस्वार परमुलखात मेलाय, त्याला अग्नी मिळाला नाही, तो तहानलेला घराभोवती फिरतोय आणि एकेकाला नेतोय. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघायची, ही रीत. ह्यांना चार वर्षं दम निघाला नाही. पळसाचे तीनशे साठ देठ जमवून माणूस केला, डोक्याच्या जागी नारळ ठेवला आणि त्याला मसणात नेऊन जाळलं. पणजीच्या बांगड्या फोडल्या, कुंकू पुसलं. आणि साथ ओसरली. ती ओसरणारच होती. पण गावाला वाटलं, पळसाचा माणूस जाळला म्हणून ओसरली.

सहा महिन्यांनी पणजोबा आला. परभणीच्या ठेसणावर उतरून, नावेनं गंगा, म्हणजे गोदावरी, ओलांडून, पायी. घोडी तिकडंच मेलेली. शिवारात बायकांनी त्याला बघितलं आणि पाट्या टाकून पळाल्या. त्याचा बाप शिवेवर आला. मागं सगळं गाव उभं. परळीच्या भटजीला अशा वेळचा विधी ठाऊक होता: माणसाला तुपानं न्हाऊ घालायचं, बाळासारखं बारसं करायचं, त्याच बायकोशी पुन्हा हळद लावायची, की झाला तो जिवंत. पण ते करायची छाती कुणाला नव्हती. हा आत आला तर मानमोडी ह्याच्या मागोमाग आत येईल, अशी सगळ्यांची खात्री. बापानं पोटच्या पोरापुढं हात जोडले.

"तुला आम्ही अग्नी दिलाय, बाबा. तू आत आलास तर तुझं पोरगं जाईल. त्येच्यासाठी माघारी फीर."

पणजोबानं विचारलं, पोरगं बरं हाय का? बरं आहे म्हटल्यावर त्यानं तो कागद बापाच्या हातात दिला, पोराला दाखवा म्हणाला, आणि परत फिरला. ऐकताना मला असा संताप आला की आत्यापुढची शेंगांची पाटी मी लांब ढकलली. कुणावर ओरडणार? सगळे मेलेले.

तो परळीला राहिला. एका वाण्याकडं तट्टू सांभाळायचा. पणजीला हे वर्षभरानं कळलं, आणि मग तिनं दर महिन्याच्या शिवरात्रीला वैजनाथाच्या दर्शनाला जायचं धरलं. गाव म्हणायचं, विधवा बाई, देवाला लागली, बरं झालं. आत्या सात-आठ वर्षांची झाल्यावर सोबतीला जायची. परळीच्या अलीकडं एक बारव होती. पणजी पायऱ्या उतरून पाण्यापाशी बसायची, पदराच्या गाठीतनं कुंकू काढायची आणि पाण्यात बघून लावायची. देवळाच्या पायरीवर एक पिळदार मिशीचा माणूस बसलेला असायचा. ती फडक्यातली भाकरी सोडायची, तो खायचा. दोघं फार बोलायची नाहीत. येताना पुन्हा त्याच बारवेत ती कपाळ धुवायची. हे कुणाला सांगितलंस तर माझं येणं बंद होईल, एवढंच तिनं आत्याला बजावलं होतं.

आत्या नऊ वर्षांची असताना पणजी गेली. पांढरं लुगडं, मोकळं कपाळ, ओटी नाही. आत्या सरणापाशी उभी राहून सगळं बघत होती आणि तोंड उघडायची चोरी. ह्या जागेवर आत्याचा आवाज पहिल्यांदा फाटला.

"ती विधवा म्हणून जळाली, पर ती अहेव व्हती. मला तिची अहेव नवमी बघून मरायचंय."

नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांची ही नवमी, पितृपंधरवड्यातली नववी तिथी. त्या दिवशी सवाष्ण जेवू घालतात, तिची ओटी भरतात. पणजीला ती कधी मिळाली नव्हती. नवमीला चार दिवस उरले होते. पण एक अडचण आत्यानं स्वतःच सांगितली. पणजी जायच्या आधीच्या दोन शिवरात्रींना तो पायरीवर आला नव्हता. तो तेव्हा आजारी होता की मेलेलाच, तिला ठाऊक नव्हतं. तो आधी गेला असेल, तर पणजी खरोखरच विधवा होती आणि सगळंच संपलं. पुढं चार महिन्यांत आत्याचं लग्न झालं, ती शिरूरला आली, आणि विचारायला कुणी उरलं नाही. तिनं सत्तर वर्षं हे पोटात ठेवलं. मी म्हटलं, एवढी वर्षं बोलली का नाहीस? म्हणाली, कुणाला सांगू? माझ्या बापाला सांगू, की तुझा बाप जित्ता असताना तू त्येला पाणी देतोयस?

त्याच संध्याकाळी मी माहेरी गेले आणि अण्णांना सगळं सांगितलं. आईनं दार लावून घेतलं, शेजारी ऐकतील म्हणून. अण्णांनी आधी गुरुजींना खोटं पाडलं, मग आत्याला भ्रम झाल्याचं सांगितलं, मग माझ्या शिक्षणाचा उद्धार केला. मीही कमी केलं नाही. तुमच्या धोतराच्या इस्त्रीपायी एक बाई सत्तर वर्षं उपाशी आहे, असं मी बोलून गेले. बोलायला नको होतं. अण्णांचा चेहरा राखेसारखा झाला. आवाज मात्र खाली आला, आणि त्याचीच मला भीती वाटली.

"ती गेली तवा तो जित्ता व्हता, असं सांगणारं माणूस आण. न्हाई तर चौदसंला नारळ फुटंल, आन् तू परत ह्या दारात यायचं न्हाई."

तीन दिवस होते. मी परळीत तीस वर्षं राहिलेली, वैजनाथाच्या पायऱ्या हजारदा चढलेली, आणि ह्याच पायऱ्यांवर पणजोबा बसायचा हे मला ठाऊक नव्हतं. आत्याची खूण एवढीच: देवळाच्या वाटेवरचं भुसार दुकान, लिंगायत वाण्याचं, आणि जोत्याला तट्टू बांधायचं लोखंडी कडं. आता त्या वाटेवर मोबाईलची दुकानं, टायरची दुकानं, झाडांच्या पानांवर थर्मल वीजकेंद्राची राख. मी दुकानागणिक जोती बघत हिंडायचे. कुणाला वाटलं सर्व्हेवाली बाई आलीय, एकानं रेशनकार्ड काढून दाखवलं. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. आत्याचे फोन यायचे, फक्त विचारायची, घावलं का? तिसऱ्या दिवशी, अष्टमीला, दुपारी मी एका तेलाच्या दुकानासमोर उभी राहिले. जोत्याला एक झिजलेलं कडं होतं आणि त्याला साखळीनं कुणाची तरी स्कूटर बांधलेली. ह्या दुकानातून मी कितीदा तेल नेलं असेल.

मालकानं मला आत त्याच्या आजीकडं नेलं. गळ्यात लिंग, डोळे अधू, बोलणं स्पष्ट. मी नुसतं विचारलं की इथं पूर्वी तट्टू सांभाळणारा कुणी सिपाई होता का. तिचं तोंड उजळलं. होता की, म्हणाली, सिपाईआजा, मला इथं सून म्हणून आणलं तेव्हा माझ्याशी दोन शब्द बोलणारा तो एकटाच. त्या साली त्याचा गुडघा गेला होता, तीन महिने हलला नव्हता, देवळात सुद्धा गेला नाही. चुकीचं विचारलं तर ती माझ्या मनासारखं सांगेल अशी धास्ती. म्हणून पुढं विचारलंच नाही. तीच पुढं सांगू लागली.

एका बाजारच्या दिवशी कुणा गावकऱ्याकडून त्याला काहीतरी कळलं. तो जेवला नाही. लंगडत कासाराकडं गेला आणि डझनभर हिरव्या बांगड्या घेऊन आला. कासार माप विचारत होता, तर ह्यानं बोटं गोल करून दाखवली म्हणे, सगळे हसले. खण आणि नारळ दुकानातनं घेतला. मग स्वयंपाकघराच्या दाराशी आला. ती नवी सून, तेरा-चौदा वर्षांची, एकटी चुलीपाशी होती.

"माय, तुझ्या हातचं चिमूटभर कुंकू दे. सवाष्णीच्याच हातचं पायजे."

तिनं पुडी बांधून दिली. तो काठी टेकत सिरसाळ्याच्या, म्हणजे आमच्या गावाच्या, वाटेला लागला. दुसऱ्या दिवशी दुपारी परत आला तेव्हा मिशी उतरवलेली. तिनं विचारलं, आजा, कोण गेलं? तर म्हणाला, माझी कारभारीण. नंतर तो सहा-सात वर्षं जगला. रझाकारांच्या धामधुमीत गेला. वारस कुणी नाही, म्हणून वाण्याच्या घरानं आपल्या मळ्यात, आपल्या रीतीनं त्याला पुरलं. म्हातारीनं मग मला विचारलं, तू त्येची कोण? मी तिच्या पायावर डोकं ठेवलं.

संध्याकाळी गावी पोचले तेव्हा अण्णा बाहेर बाजेवर बसले होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. बांगड्या, खण, कुंकू. ते ऐकत होते, नजर जमिनीवर.

"नारळ बी व्हता का?"

होता, म्हटलं. मी म्हातारीला राखेवरच्या ओटीचं काही सांगितलं नव्हतं, तिनंच सांगितलं. अण्णा म्हणाले, माझ्या बापानं काठीनं ढकललं, आन् आयुष्यभर ती गोष्ट आमाला भ्या दाखवाया सांगितली. अण्णांना रडताना मी कधी बघितलं नव्हतं, ते मी त्या दिवशी बघितलं. आई आतून पाणी घेऊन आली आणि तशीच दारात उभी राहिली.

अण्णांनी सरपंचाला फोन करून नारळ रद्द केला. आमचा आजा लढाईत मेला न्हाई, आमी मारला, एवढंच सांगून फोन ठेवला. पान आता चौदसेला नाही, अमावस्येला निघतं, जिथं तिथी ठाऊक नसलेली सगळीच मेलेली माणसं जेवायला येतात. कमान पुढं झाली, तिच्यावर गावाचं नाव आहे.

नवमीला सकाळीच आत्या जीप करून आली. आईनं गावातल्या चार बायकांना सवाष्ण म्हणून बोलावलं, पण आमच्या घरात हिरव्या बांगड्या भरायला कोण येणार? कुणाचं पोट दुखत होतं, कुणी पाहुण्यांकडं गेली होती. शेवटी अण्णा मला म्हणाले, तूच बस. लेक चालते का, असं आई म्हणायला लागली, पण त्यांनी हातानंच थांबवलं. कासारीण आली. माझ्या लग्नात आली होती ती हिची सासू. हिरव्याच ना, असं तिनं दोनदा विचारून घेतलं. माझे हात आता जाड झालेले, बांगड्या चढताना दोन फुटल्या.

आई ओटीचं ताट घेऊन पुढं झाली तर अण्णांनी ते तिच्या हातातून घेतलं आणि आत्यापुढं धरलं.

"अक्का, तू भर."

आत्या मागं सरकली. तिचा नवरा जाऊन पंधरा वर्षं झाली होती, अशा कामाला ती लांबच बसायची. मी भरू व्हय रे, म्हणाली, माझं कपाळ असं. अण्णा म्हणाले, तिचं कुंकू तुझ्याबिगर कुणी बघितलंय?

आत्यानं ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. मग कुंकवात बोट बुडवून माझ्या कपाळाला टेकवलं. कुंकू जरा उजवीकडं, भुवईच्या वर लागलं. मी ते नीट मध्ये घ्यायला बोट वर नेलं, तर तिनं माझा हात धरला. राहू दे, म्हणाली, तिचं तिथंच असायचं. पाणी हलायचं ना गं बारवेतलं.